अ‍ॅटिकमध्ये आधी भोकं बुजवा, मग इन्सुलेशन टाका

फेब्रुवारीतली गोष्ट आहे, आम्ही मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या बाहेर राहतो, घर १९७४ चं. आठवडाभर कडाक्याची थंडी होती आणि मग एक दिवस जरा चांगलं ऊन पडलं तर मुलाच्या खोलीत सीलिंगमधून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. आम्हाला वाटलं छप्पर गेलं. छपराचं काम करणारा माणूस बोलावला, तो वर चढून सगळे शिंगल, म्हणजे छपरावर खिळ्यांनी ठोकलेले पातळ तुकडे, बघून आला आणि म्हणाला छप्पर एकदम व्यवस्थित आहे, पैसे पण नाही घेतले. त्या आधीच्या रात्री मी टॉर्च घेऊन सीलिंग आणि छपरामधल्या पोकळीत, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये डोकं घातलं होतं तेव्हा एक गोष्ट दिसली होती पण तिचा अर्थ कळला नव्हता. छपराच्या फळ्यांमधून शिंगलच्या खिळ्यांची टोकं खाली आलेली असतात, शेकडो, आणि प्रत्येक टोकावर पांढरं बर्फ चिकटलेलं, साबुदाण्याएवढं, टॉर्च फिरवला की सगळं चमकायचं. ऊन पडलं तसं ते विरघळलं आणि खाली आलं. म्हणजे ते पाणी बाहेरून आलेलंच नव्हतं, आमच्याच घरातलं होतं. अंघोळीची वाफ, कुकरची वाफ, आमच्या श्वासातला ओलावा, सगळा वर जाऊन खिळ्यांवर गोठलेला.

आणि गंमत नाही, खरंच सांगतो, त्याच्या तीन वर्षं आधी आम्ही पैसे मोजून अ‍ॅटिकमध्ये नवीन इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, टाकून घेतलं होतं. तरी हे. त्यामुळे हा विषय मी नीट समजून घेतला आणि इथे नवीन घर घेणारे आपले बरेच लोक तीच चूक करतात म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी अ‍ॅटिक म्हणजे काय ते, कारण आपल्या डोक्यात माळा असतो. कोकणातल्या घराचा माळा आठवा, वर कौलं, कौलांच्या फटीतून उजेडाच्या रेघा, चुलीचा धूर त्याच फटींतून बाहेर जातो, उन्हाळ्यात गरम हवा पण तशीच निघून जाते. तिथे ती गळती घराच्या फायद्याची आहे, मुद्दाम ठेवलेली आहे. इथे उत्तरेत सहा महिने घर गरम करायचं असतं, त्यामुळे हिशोब बरोबर उलटा. इथलं घर दोन भागात बघायचं. सीलिंगच्या खालचा भाग आपला, गरम केलेला. सीलिंगच्या वरचा भाग, म्हणजे अ‍ॅटिक, हा जवळजवळ बाहेरचाच, तिथे हिवाळ्यात बाहेरच्याइतकीच थंडी असायला पाहिजे. ऐकायला विचित्र वाटतं पण चांगलं अ‍ॅटिक हिवाळ्यात थंडगार असतं. अ‍ॅटिक उबदार लागलं तर समजायचं की आपण गॅस जाळून छपराला शेक देतोय.

दोन्हीच्या मधली भिंत कसली, तर अर्धा इंच ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा बोर्ड, आणि त्यावर अंथरलेलं इन्सुलेशन. आता या भिंतीतून उष्णता दोन वाटांनी जाते. एक म्हणजे वस्तूतून झिरपत, जशी गरम तव्याची धग उलथन्याच्या दांड्यात येते तशी. ही वाट इन्सुलेशन अडवतं. दुसरी म्हणजे गरम हवाच उठून भोकातून बाहेर पडते. आणि फायबरग्लासचं गुलाबी किंवा पिवळं इन्सुलेशन ही दुसरी वाट अजिबात अडवत नाही, हवा त्यातून आरपार जाते, कारण ते शेवटी कापूस पिंजल्यासारखंच आहे. थर्मास कितीही भारी असू दे, झाकण लावलं नाही तर चहा गार होणारच, तसं आहे हे.

आई इथे आली होती तेव्हा तिने विचारलं होतं, गरम हवा वर जाते ना, मग वरच्या खोल्या थंड का? प्रश्न अगदी बरोबर आहे. हिवाळ्यात आख्खं घर धुराड्यासारखं वागतं. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि सीलिंगच्या भोकांमधून अ‍ॅटिकमध्ये निघून जाते, आणि जेवढी हवा वरून गेली तेवढी खालून आत ओढली जाते, बेसमेंटच्या फटींतून, दाराखालून, बाहेरची गारठलेली. ती गरम करायला फर्नेस, म्हणजे घर गरम करणारं यंत्र, परत चालू. बेसमेंटमध्ये पायाला वारा लागतो त्याचं कारण बरेचदा अ‍ॅटिकमध्ये असतं, हे मला कळलं तेव्हा खरंच डोक्यात प्रकाश पडला. आणि वरच्या खोल्यांना भिंतींबरोबर सीलिंग पण उघडं पडलेलं, थर्मोस्टॅट मात्र खालच्या मजल्यावर, तो म्हणतो झालं ६८ डिग्री फॅरनहाइट, आणि फर्नेस बंद करतो. वर पोरं दोन दोन ब्लँकेट घेऊन.

मग ही भोकं कुठे असतात? तुम्हाला वाटेल घर बांधतानाच कोणी ठेवली असतील का, तर हो, ठेवलेलीच असतात. ड्रेनेजचा जाड पाइप बेसमेंटपासून छपरापर्यंत जातो, त्याच्यासाठी कापलेलं भोक पाइपापेक्षा दोन तीन इंच मोठं असतं. चिमणीच्या चारी बाजूंनी मोकळी जागा असते. प्रत्येक भिंतीच्या डोक्यावरच्या लाकडात वायरींसाठी पाडलेली भोकं. सीलिंगमध्ये आत बसवलेले गोल दिवे, जुने असतील तर त्यांच्या डब्याला भोकंच भोकं. बाथरूमच्या पंख्याच्या कडा. किचन कॅबिनेटच्या वर जी बंद पेटी दिसते ना सीलिंगला जोडलेली, ती कित्येक घरांत वरून उघडीच असते, वर नुसतं फायबरग्लास टाकलेलं. एकेक भोक लहान दिसतं पण सगळी एकत्र केली तर एखादी खिडकी जानेवारीभर उघडी ठेवल्यासारखं होतं.

शोधायची युक्ती एकदम सोपी आहे. अ‍ॅटिकमध्ये जुनं फायबरग्लास असेल तर ते उचलून खालच्या बाजूने बघा. जिथे काळपट डाग पडलेत तिथे खाली भोक आहे. लोकांना वाटतं बुरशी लागली, बरेचदा तो नुसता धुरळा असतो. वर्षानुवर्षं घरातली हवा त्यातून गाळून वर गेली, फर्नेसच्या फिल्टरसारखी, आणि धूळ तिथेच अडकली. आमच्याकडे मुलाच्या खोलीच्या भिंतीवर, जिथून वायरी वर येतात तिथे, हाताच्या पंजाएवढा काळा डाग होता. ते उचललं आणि खाली हात धरला तर चक्क उबदार हवा लागली हाताला. अ‍ॅटिकमध्ये न चढता बघायचं असेल तर कडक थंडीच्या दिवशी फर्नेसचा ब्लोअर बंद करून खोलीत उदबत्ती लावा आणि हॅचच्या, म्हणजे वर चढायच्या झाकणाच्या, कडेला, दिव्यांच्या कडेला धरा, धूर सरळ फटीत ओढला जाताना दिसतो. हे खालूनच करायचं, पेटती उदबत्ती घेऊन अ‍ॅटिकमध्ये जायचं नाही. आणि नीट मोजमाप पाहिजे असेल तर एनर्जी ऑडिटवाले ब्लोअर डोअर लावतात, म्हणजे मुख्य दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतात, ५० पास्कल दाबाला घर किती गळतंय ते आकड्यात मिळतं. बऱ्याच गॅस आणि वीज कंपन्या हे ऑडिट स्वस्तात करून देतात, आधी तिथे विचारा.

बुजवायचं काम कंटाळवाणं आहे पण सामान स्वस्त. पाव इंचापर्यंतची फट कॉकने, म्हणजे फटीत भरायच्या लुकणाने, त्याहून मोठी फोमच्या कॅनने, आणि पेटीएवढं मोठं भोक असेल तर फोम बोर्डचा तुकडा कापून वर ठेवायचा आणि कडा फोमने भरायच्या. चिमणी आणि फर्नेसचा धुराचा पाइप मात्र अपवाद, तिथे साधा फोम अजिबात नाही, तो पेट घेतो. तिथे पत्रा कापून बसवायचा आणि आगीला टिकणारं कॉक लावायचं, आणि विटांच्या चिमणीपासून दोन इंचांपर्यंत इन्सुलेशन येऊ द्यायचं नाही, पत्र्याचा बांध घालायचा. हे मी फार गंभीरपणे सांगतोय.

आमच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने यातलं काहीच केलं नव्हतं. आले, पाइप लावला, दोन तासात सगळीकडे फवारून गेले, वरून पांढरंशुभ्र दिसत होतं, आम्ही खूश. खाली सगळी भोकं तशीच. उलट झालं असं की अ‍ॅटिक आधीपेक्षा जास्त थंड झालं, ते बरोबरच आहे, पण भोकातून येणारी वाफ तेवढीच राहिली, आणि थंड खिळ्यांवर ती आणखी पटकन गोठायला लागली. म्हणजे अर्धं काम केलं की कधी कधी न केल्यापेक्षा वाईट होतं. त्यात बाथरूमच्या पंख्याचा पाइप अ‍ॅटिकमध्येच मोकळा सोडलेला, छपराबाहेर नेलेलाच नाही, रोज चार अंघोळींची वाफ थेट वर. हा पाइप बघाच, जुन्या घरांत हे फार सापडतं. आणि आपल्या घरांत स्वयंपाक पण वाफेचा आणि फोडणीचा, त्यामुळे किचनचा एक्झॉस्ट खरोखर बाहेर जातो की मायक्रोवेव्हखालून हवा नुसती गोल फिरून परत तोंडावर येते, ते पण तपासा.

आता इन्सुलेशन किती टाकायचं. इथे आर व्हॅल्यू नावाचा आकडा आहे, उष्णतेला किती अडवतं त्याचं माप, जितका मोठा तितकं चांगलं. मिशिगनसारख्या थंड भागात सरकारी शिफारस अशी की तीन चार इंच जुनं असेल तर त्यावर आणखी आर-४९ टाका, काहीच नसेल तर आर-६०. ह्यूस्टन, फीनिक्स, डॅलस, अटलांटाकडे हेच आकडे आर-३८ आणि आर-४९ आहेत.

हे आकडे हवेत राहतात म्हणून वॅटमध्ये सांगतो. धरा सीलिंग १००० स्क्वेअर फूट, आत ७० डिग्री फॅरनहाइट, बाहेर २०. जुनं साडेतीन इंची फायबरग्लास, म्हणजे आर-११, असेल तर त्यातून साधारण १३०० वॅट उष्णता सतत वर जाते, एक रूम हीटर चोवीस तास अ‍ॅटिकमध्ये चालू ठेवल्यासारखं. आर-४९ केलं की हेच ३०० वॅटवर येतं. आणि आर-६० केलं की २५० च्या जवळपास. म्हणजे ११ वरून ४९ ला जाताना हजार वॅट वाचले आणि ४९ वरून ६० ला जाताना फक्त पन्नास पंचावन्न. म्हणून ज्यांच्याकडे मुळात काहीच नाही त्यांना सगळ्यात जास्त फायदा, आणि ज्यांच्याकडे आधीच पंधरा इंच आहे त्यांनी अजून दहा इंचाच्या मागे लागण्यापेक्षा ते पैसे भोकांवर घालवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. घर बघायला गेलात तर डोळ्याने ओळखायची खूण, इन्सुलेशन जॉइस्टच्या, म्हणजे सीलिंगला आधार देणाऱ्या आडव्या लाकडांच्या, बरोबरीत किंवा खाली असेल तर कमी आहे, लाकडं दिसता कामा नयेत.

याच हिशोबात हॅच बघा. ओढून खाली येणारी शिडी असेल तर तिची फळी दहा एक स्क्वेअर फूट आणि पातळ प्लायवुडची, आर-१ धरा. तिच्यातून एकट्या जवळपास १५० वॅट जातात! बाकीचं आख्खं सीलिंग मिळून ३०० आणि ही एक फळी १५०, शिवाय कडेने हवा जाते ती वेगळीच. वरून फोम बोर्डची पेटी करून ठेवायची, कडेला दारांना लावतो ती रबरी पट्टी. एका शनिवारचं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फायदा देणारं काम हेच.

कुठलं इन्सुलेशन घ्यायचं यावर लोक खूप भांडतात. अ‍ॅटिकच्या जमिनीवर टाकायला मला सेल्युलोज आवडतं. ही मुख्यतः रद्दी आहे, जुने पेपर दळून त्यात बोरेट हे आग रोखणारं रसायन मिसळतात म्हणजे ते सहज पेट घेत नाही. इंचाला आर साडेतीनच्या आसपास, म्हणजे आर-४९ ला चौदा इंच, आणि ते कोपऱ्याकोपऱ्यात भरतं, हवेला फायबरग्लासपेक्षा जास्त अडवतं. कालांतराने ते थोडं दबतं, म्हणून बॅगवर लिहिलेली दबल्यानंतरची जाडी बघायची आणि सुरुवातीला तेवढं जास्त टाकायचं. फवारायचं फायबरग्लास इंचाला अडीच, हलकं असतं, दबत नाही फारसं, पण जाडी जास्त लागते. गुंडाळ्या मिळतात त्या अ‍ॅटिकमध्ये वायरी आणि पाइपांमध्ये नीट बसत नाहीत, फटी राहतात, आणि जुन्यावर नवी गुंडाळी टाकणार असाल तर कागद नसलेली घ्या, नाहीतर मधे ओलावा अडकतो. स्प्रे फोम इंचाला सहाच्या वर जातो पण महाग, आणि तो शक्यतो छपराच्या आतल्या बाजूला मारून अ‍ॅटिकच घराच्या आत घेण्यासाठी वापरतात. दक्षिणेत जिथे एसीचे डक्ट अ‍ॅटिकमधून जातात आणि उन्हाळ्यात तिथे १३० डिग्रीच्या वर तापतं तिथे त्याचा विचार करण्यात अर्थ आहे, आमच्यासारख्या घरात त्याची गरज नव्हती.

हवा खेळती राहणं हा भाग लोक विसरतात. छपराची जी कड भिंतीबाहेर येते तिच्या खालच्या अंगाला सॉफिट म्हणतात, तिथून बाहेरची हवा आत यायला पाहिजे आणि छपराच्या शेंड्यावरच्या रिज व्हेंटमधून बाहेर जायला पाहिजे. म्हणजे चुकून वर आलेला ओलावा वाहून जातो आणि छप्पर थंड राहतं. आमच्या त्या कॉन्ट्रॅक्टरने सॉफिटची तोंडं पण फवाऱ्याने बंद करून टाकली होती. तिथे प्रत्येक दोन वाशांच्या मधे बॅफल बसवायचे, प्लॅस्टिकची किंवा पुठ्ठ्याची पन्हाळ असते ती, म्हणजे इन्सुलेशन खाली आणि हवेची वाट वर. शिवाय सॉफिटमधून येणारा वारा फायबरग्लासच्या कडेत घुसत नाही, खोलीचा बाहेरचा कोपरा थंड पडून तिथे सीलिंगला काळे ठिपके येतात ते त्या वाऱ्यामुळेच.

छप्पर थंड का हवं याचं उत्तर रस्त्यावरून दिसतं. गळणाऱ्या अ‍ॅटिकवर बर्फ खालून वितळतं, पाणी घसरत कडेपर्यंत येतं, कडेच्या खाली घर नाही म्हणून ती गोठलेली, तिथे पाणी परत गोठतं आणि बर्फाचा बांध तयार होतो. मग मागचं पाणी शिंगलच्या खालून वर चढून घरात. कडेला लोंबणारे लांबच लांब बर्फाचे सुळके फोटोत छान दिसतात, पण बहुतेक वेळा ते अ‍ॅटिक गळत असल्याचं लक्षण आहे.

वर चढायच्या आधी काही गोष्टी. राखाडी सोनेरी, चमकदार, बारीक खड्यांसारखं इन्सुलेशन दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट, हात लावू नका, झाडू नका, मुलांना वर पाठवू नका. अमेरिकेतलं बहुतेक व्हर्मिक्युलाइट मोंटानातल्या लिबी इथल्या खाणीतून यायचं, ती खाण १९९० मध्ये बंद झाली, आणि त्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहेच असं धरून चालायचं आणि ते काढायचं लायसन असलेल्या माणसालाच बोलवायचं. १९४० च्या आधीचं घर असेल आणि चिनीमातीच्या गोट्यांवरून जाणारी उघडी वायर दिसली तर तिच्यावर इन्सुलेशन टाकायचं नाही, ती तापते, आधी इलेक्ट्रिशियन. सीलिंगमधल्या दिव्याच्या डब्यावर आयसी, म्हणजे इन्सुलेशन चिकटून चालेल, असं लिहिलेलं नसेल तर त्याच्या तीन इंच जवळ पण काही नको, त्यापेक्षा बंद एलईडी दिवे लावून घ्या. पाय फक्त जॉइस्टवर, मधल्या ड्रायवॉलवर पाय पडला की सरळ खालच्या खोलीत. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, उन्हाळ्यात सकाळी सहालाच काम उरका, आणि वर डोकं उचलताना ते खिळे लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट जीवाची. घर घट्ट केल्यावर, वॉटर हीटर किंवा फर्नेस जुन्या पद्धतीचा असेल, म्हणजे धूर नैसर्गिकपणे चिमणीतून वर जाणारा, तर एक्झॉस्ट पंखे चालू असताना तो धूर उलटा घरात येऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना वास ना रंग. काम झाल्यावर त्याची टेस्ट करून घ्याच, आणि प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

दुसऱ्यांदा आम्ही काम दिलं तेव्हा कोटेशनमध्ये लिहून घेतलं, एअर सीलिंग, म्हणजे भोकं बुजवणं, कुठे कुठे करणार, बॅफल किती, बाथरूमचा पाइप छपराबाहेर, किती बॅगा, आणि झाकण्याआधी भोकं बुजवल्याचे फोटो. जो माणूस म्हणाला एअर सीलिंगची काही गरज नाही त्याला नको म्हटलं. फवारून झाल्यावर अ‍ॅटिकमध्ये जागोजागी कागदी पट्ट्या स्टेपल केलेल्या असाव्या लागतात, हॅचमधून वाचता येतील अशा, जाडी इंचात दाखवणाऱ्या, त्या बघितल्याशिवाय चेक द्यायचा नाही. स्वतः करणार असाल तर मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात ठराविक बॅगा घेतल्या की ब्लोअर मशीन दिवसभर फुकट मिळतं, दोघं लागतात, एक बाहेर बॅगा टाकायला आणि एक वर पाइप धरायला. पैशाचं म्हणाल तर फेडरल टॅक्स क्रेडिट होतं, मालाच्या किमतीच्या ३० टक्के, वर्षाला १२०० डॉलरपर्यंत, ते ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं, त्यामुळे कोणी अजून त्याचं आमिष दाखवून काम विकत असेल तर सावध राहा. राज्याची आणि गॅस, वीज कंपन्यांची रिबेट, म्हणजे खर्चातले काही पैसे परत, बऱ्याच ठिकाणी आहे, पण अनेकदा काम सुरू करायच्या आधी ऑडिट झालेलं असावं लागतं, म्हणून फोन आधी करा आणि तारीख नंतर ठरवा.